मूल : मालकी की अमानत?

२०१८ सालच्या नोव्हेंबर महिन्यात आमच्या हाती संमतीपत्रांचा एक गठ्ठा आला. गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम २७ नोव्हेंबरपासून महाराष्ट्रात सुरू होणार होती. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला, आधी लस दिलेली असो वा नसो, एकदा टोचायचे आणि सुरुवात शाळांपासून करायची, असे ठरले होते. मालेगावातील एका उर्दू माध्यमाच्या शाळेत आम्ही सहावीचे वर्गशिक्षक. (उर्दूत स्वतःला 'हम' म्हणायची आमची सवय मराठी लिहितानाही सुटत नाही. वाचकांनी हे 'आम्ही' मोठेपणाचे समजू नये.) वर्गात ५४ मुले होती. पत्रे वाटली, तिसऱ्या दिवशी गोळा केली. १९ पत्रांवर नकार होता. कुणी नुसते 'नहीं' लिहिले होते, एकाने 'अल्लाह मालिक है' असे लिहून खाली सही केली होती. काही पत्रे तशीच कोरी परत आली होती. त्या पत्रावर शाळेचे नाव, मुलाचे नाव, लसीचे नाव आणि 'संमती आहे / नाही' एवढाच मजकूर होता. ही लस कशाची, ती का द्यायची, दिल्यावर काय होऊ शकते, कुणाला देऊ नये, याबद्दल एक ओळही नव्हती.

नकार देणाऱ्यांच्या घरी जाऊन त्यांची समजूत काढा, असा आदेश होता. शुक्रवारी यंत्रमागाचे कारखाने बंद असतात, माणसे घरी भेटतात. जुम्याच्या नमाजनंतर आम्ही एका विद्यार्थिनीच्या घरी गेलो. वडील लूमवर काम करणारे, वय पंचेचाळिशीच्या आसपास. चहा आला. गोवर म्हणजे आपला खसरा, रुबेला काय असतो, सगळे आम्ही सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, ''सर, इस में सुअर-वुअर तो नहीं ना?''

आम्ही म्हणालो, ''नहीं चाचा, ऐसा कुछ नहीं है.''

आम्हाला ठाऊक होते म्हणून आम्ही तसे म्हणालो नाही. मोहिमेआधीच्या बैठकीत आम्हाला सांगण्यात आले होते की असे प्रश्न आले तर ठामपणे नाही म्हणा, चर्चेत शिरू नका. आम्ही शिरलो नाही. चाचांनी एकेक अक्षर जुळवत उर्दूत सही केली. सोमवारी मुलीच्या उजव्या दंडाला टोचले गेले, डाव्या अंगठ्याच्या नखावर शाईची खूण झाली, अर्धा तास तिला बाकावर बसवून ठेवले. आम्ही आमच्या तक्त्यात एक नकार खोडून एक होकार वाढवला.

दहा-बारा दिवसांनी चाचा शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. कुणीतरी त्यांना मोबाईलवर दोन गोष्टी दाखवल्या होत्या. एक म्हणजे या लसीने मुली वांझ होतात, अशी ध्वनिफीत. दुसरी म्हणजे इंडोनेशियातील उलेमांच्या परिषदेने हीच लस हराम ठरवल्याची बातमी. पहिली गोष्ट साफ खोटी होती. दुसरी खरी होती, पण अर्धी. आणि आम्ही मात्र सगळ्यालाच एका श्वासात 'ऐसा कुछ नहीं' म्हणून बसलो होतो. चाचा रागावले नव्हते. ते एवढेच म्हणाले, ''सर, मालूम नहीं था तो मालूम नहीं बोलते.''

या लेखाचे कारण ते वाक्य आहे. मुलाला लस द्यायची की नाही, हे ठरवण्याचा हक्क आईबापाचा की सरकारचा, असा वाद जगभर चालतो. आमच्या मते त्या वादाच्या आत आणखी एक प्रश्न दडलेला आहे. जो माणूस दुसऱ्याच्या निवडीसाठी त्याच्या दारात जातो, त्याने त्याला काय दिले पाहिजे? त्याविषयी फारसे बोलले जात नाही.

आधी नकाराविषयी. आमच्या वस्तीतील नकार म्हणजे अडाणीपणा, असे मानण्याची पद्धत आहे. अडाणीपणा आहेच, आम्ही तो रोज पाहतो. पण भीतीला आठवण असते. १९७६ साली आणीबाणीत दिल्लीच्या तुर्कमान गेटला काय घडले, हरियाणातील उत्तावर या मेव मुसलमानांच्या गावाला पोलिसांनी वेढा घालून पुरुषांना नसबंदीसाठी कसे नेले, हे उत्तरेतल्या घरांत आजही सांगितले जाते. मालेगावचे कितीतरी मोमीन अन्सारी विणकर मूळचे उत्तरेतूनच आलेले. महाराष्ट्रही यात मागे नव्हता. बार्शीला माणसे रस्त्यावरून उचलून नसबंदी केल्याचे प्रकरण त्याच वर्षीचे आहे, आणि सक्तीच्या नसबंदीचे विधेयक आपल्या विधिमंडळाने १९७६ मध्ये मंजूरही केले होते. राष्ट्रपतींची मान्यता मिळाली नाही म्हणून ते कायदा होऊ शकले नाही. ज्या समाजाच्या वस्तीत दवाखान्याची पाटी यायला वर्षे लागतात, तिथे एखाद्या दिवशी सरकारची गाडी आपणहून दारात येते तेव्हा लोक विचारतात, आज कशी काय आठवण झाली? २००६ च्या सप्टेंबरात शब-ए-बरातच्या दिवशी मालेगावच्या बड्या कब्रस्तानजवळ स्फोट झाले. मेले आमचे लोक आणि पकडलेही गेले आमचेच. पकडलेल्यांना एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने आरोपमुक्त केले. लसीचा आणि या प्रकरणाचा काडीचाही संबंध नाही, हे आम्ही जाणतो. पण विश्वास ही वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवण्याची वस्तू नाही.

आणि कधीकधी संबंध असतोही. २०११ मध्ये पाकिस्तानातील ॲबटाबादला ओसामा बिन लादेनचा ठावठिकाणा काढण्यासाठी अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने एका डॉक्टरकरवी काविळीच्या लसीची खोटी मोहीम काढली होती. ती उघडकीस आल्यावर वझिरिस्तानात तालिबानने पोलिओचे डोस बंद पाडले. २०१२ च्या डिसेंबरात कराचीत आणि इतरत्र डोस पाजायला निघालेल्या बायकांना गोळ्या घालण्यात आल्या. पुढे २०१४ मध्ये अमेरिकेने कबूल केले की लसीकरणाचा असा वापर यापुढे करणार नाही. बायका मारल्या गेल्या त्या गेल्याच. मारणाऱ्यांचे पाप मारणाऱ्यांच्या माथी. पण लसीच्या पेटीत हेर लपवणाऱ्यांना आम्ही निर्दोष म्हणणार नाही.

तेव्हा पालकाला विचारण्याचा हक्क आहे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. आमच्या मोहिमेनंतर दोनच महिन्यांनी दिल्लीत हाच प्रश्न न्यायालयात गेला. दिल्लीच्या शाळांतून हीच लस द्यायचे ठरले होते. काही मुलांच्या वतीने पालक उच्च न्यायालयात गेले. २२ जानेवारी २०१९ च्या निकालात न्या. विभू बाखरू यांनी सांगितले की पालकांना माहिती देऊन त्यांची संमती घेतली पाहिजे, आणि लसीचे दुष्परिणाम काय, ती कोणाला देऊ नये, हेही जाहिरातीत आले पाहिजे. दुष्परिणाम छापले तर पालक घाबरून नकार देतील, असे सरकारचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मानले नाही. पालकाला ठरवता यावे म्हणूनच तर माहिती द्यायची. हा निकाल वाचताना आम्हाला आमचे ते दोन ओळींचे संमतीपत्र आठवले आणि बैठकीतले 'चर्चेत शिरू नका' हेही आठवले. खरे तर सांगण्यासारखे फार भयंकर काही नव्हते. टोचल्या जागी दुखते, ताप येतो, आठवडाभराने काही मुलांच्या अंगावर पुरळ उठते. अगदी क्वचित एखाद्याला तीव्र ॲलर्जी होते आणि म्हणूनच अर्धा तास बसवून ठेवायचे असते. एवढे सांगितले असते तर कोणते आभाळ कोसळले असते?

आता इंडोनेशियाविषयी, कारण चाचांच्या प्रश्नाचे उत्तर तिथे होते. ती लस आपल्या पुण्यात, सिरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली. इंडोनेशियाने हीच लस मागवली होती. २०१७ मध्ये जावा बेटावर मोहीम चांगली झाली. २०१८ मध्ये बाकीच्या बेटांवर ती सुरू होताना हलालचा प्रश्न पेटला. २० ऑगस्ट २०१८ रोजी तिथल्या उलेमा परिषदेने ३३ क्रमांकाचा फतवा काढला. लसीच्या निर्मितीत डुकरापासून मिळणाऱ्या घटकाचा वापर होतो, म्हणून ती मुळात हराम आहे. पण रोगाचा धोका खरा आहे, तज्ज्ञांनी तसे सांगितले आहे आणि दुसरी हलाल लस उपलब्ध नाही, म्हणून तोपर्यंत ती घेणे मुबाह म्हणजे अनुज्ञेय आहे. जीव धोक्यात असताना निषिद्ध वस्तूची मनाई उठते, हे शरीयतचे जुने, सर्वमान्य तत्त्व. मदरशातील लहान मुलालाही ते पाठ असते. दुसरेही एक मत आहे. एखादी वस्तू प्रक्रियेत मुळापासून बदलून गेली की तिचा हुकूमही बदलतो, जसे दारूचे सिरका झाल्यावर होते. १९९५ मध्ये कुवेतमध्ये इस्लामी वैद्यकशास्त्राच्या परिषदेत जिलेटिनच्या बाबतीत अनेक विद्वानांनी हाच विचार मांडला होता.

म्हणजे चाचांना देण्यासारखे उत्तर होते, खरे होते आणि त्यांना पटण्यासारखेही होते. ''हो चाचा, लस टिकावी म्हणून त्यात जिलेटिन घालतात. उलेमांनी त्यावर विचार केला आहे, दोन मते आहेत, आणि दोन्हींचा शेवट 'द्या' असाच आहे.'' हे सांगायला पाच मिनिटे लागली असती. त्यांनी कदाचित इमाम साहेबांना विचारून येतो म्हटले असते. सही सोमवारऐवजी गुरुवारी झाली असती. पण तक्ता शनिवारीच वर पाठवायचा होता. तक्त्याच्या घाईत आम्ही एका माणसाला मूल समजलो.

तरी इंडोनेशियातील गोष्टीचा शेवट गोड नाही, हेही सांगितले पाहिजे. फतव्याचा पहिला अर्धा भाग लोकांनी ऐकला, दुसरा ऐकला नाही. आचे प्रांतात तर मोहीम जवळजवळ ठप्प झाली. म्हणजे खरे सांगितल्यानेही लोक दुरावू शकतात. मग आमच्या बैठकीत बोलणारे बरोबर होते का? यावर आम्ही बराच विचार केला. आमचे मत असे की तिथेही खरे उशिरा सांगितले गेले. मोहीम सुरू झाल्यानंतर, अफवा घरोघर पोचल्यानंतर. आधी गप्प बसायचे आणि पकडले गेल्यावर खुलासा करायचा, तर तो खुलासा कबुलीसारखा ऐकू येतो. आपल्याकडे पोलिओच्या वेळी उत्तर प्रदेशातील मुरादाबाद वगैरे भागांत हाच नकार होता, हीच नसबंदीची अफवा होती. तिथे अलीगढ विद्यापीठ, जामिया मिल्लिया आणि जामिया हमदर्दची माणसे वस्त्यांत गेली, मशिदीतून उलेमांनी आवाहन केले, मोहल्ल्यातल्याच बायका घरोघर फिरल्या. पुन्हा पुन्हा फिरल्या. जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात सापडलेला रुग्ण देशातला शेवटचा ठरला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. नकार देणारे मुरादाबादचे मुसलमान त्या यशात बरोबरीचे भागीदार आहेत. पण वर्तमानपत्रांनी त्यांना लक्षात ठेवले ते नकारासाठीच.

इथे एक गोष्ट बोलून टाकतो. १९९८ मध्ये इंग्लंडच्या एका डॉक्टरने बारा मुलांवरच्या निबंधात गोवराच्या लसीचा संबंध स्वमग्नतेशी जोडला. तो निबंध २०१० मध्ये मागे घेतला गेला, पण दरम्यान इंग्लंड-अमेरिकेतल्या शिकल्या-सवरल्या, गाडी-बंगलेवाल्या आईबापांनी लसी नाकारल्या. आजही नाकारतात. त्यांच्या नकाराला 'निवड' म्हणतात, त्यावर पुस्तके निघतात, चर्चासत्रे होतात. लूम कामगाराच्या नकाराला 'जहालत' म्हणतात. दोघांचा नकार चुकीचाच, पण एकाला तत्त्वज्ञान मिळते आणि दुसऱ्याच्या दारात पोलीस येतो.

इतके सगळे पालकाच्या बाजूने बोललो. आता त्याच्याशी भांडायचे आहे, कारण विचारण्याचा हक्क आणि नाकारण्याचा हक्क एक नव्हेत.

आम्ही उर्दू माध्यमाचे शिक्षक. मुलाला कोणत्या भाषेत शिकवायचे हे आईबाप ठरवतील, सरकार नाही, या तत्त्वावर आमची नोकरी उभी आहे. मग लसीच्या वेळी 'मुलाचे भले तुम्हाला काय कळते' असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे? हा प्रश्न आमच्याच एका सहकाऱ्याने विचारला होता आणि आम्ही निरुत्तर झालो होतो. पुढे उत्तर सापडले ते असे. माध्यम चुकले तर मूल पुढे सुधारू शकते. आम्ही स्वतः दहावीपर्यंत उर्दूत शिकून, पुढे बी.एड. करून आज मराठीत लिहीत आहोत. शिवाय आमच्या मुलाने उर्दूत शिकल्याने शेजारच्या मुलाचे मराठी बिघडत नाही. गोवराचे तसे नाही. तो हवेतून जातो. कोणालाच संरक्षण नसेल तर एक रुग्ण बारा ते अठरा जणांना तो देऊ शकतो, असे शास्त्र सांगते. शंभरातील पंच्याण्णव मुले सुरक्षित असतील तरच तो थांबतो. उरलेल्या पाचांत कोण असते? नऊ महिन्यांच्या आतले बाळ, ज्याला अजून लस देता येत नाही. कर्करोगाचे उपचार चालू असलेले मूल, ज्याला ती देणे धोक्याचे. ती पाच जागा अल्लाहने त्यांच्यासाठी ठेवल्या आहेत, असे समजा. आपले धडधाकट मूल त्या जागेत बसवणारा बाप दुसऱ्या कुणाला तरी उठवतो.

रुबेलाची गोष्ट याहून विलक्षण आहे. सहावीतल्या मुलाला रुबेला झाला तर त्याला फारसे काहीच होत नाही. दोन दिवस ताप, थोडे पुरळ. पण त्याच्या घरात गरोदर बाई असेल आणि तिला तो सुरुवातीच्या महिन्यांत लागला, तर बाळ आंधळे, बहिरे, हृदयाला छिद्र घेऊन जन्मू शकते. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातील नॉर्मन ग्रेग या नेत्रतज्ज्ञाच्या हे प्रथम लक्षात आले. मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या तान्ह्या बाळांच्या आयांना गरोदरपणात रुबेला होऊन गेला होता. म्हणजे आमच्या वर्गातील मुलाच्या दंडात सुई जाते ती बहुधा अशा एका बाळासाठी, जे अजून जन्मलेलेही नाही आणि ज्याचे नाव त्याला कधीच कळणार नाही. याला आमच्या भाषेत काय म्हणतात? आम्ही तर सदका म्हणू. आणि गंमत पाहा, नेमक्या याच लसीवर वांझपणाचा आळ आला.

मूल आईबापाचे असते, असे आपण म्हणतो. आमच्या घरात लहानपणापासून एक वेगळा शब्द कानावर आला, औलाद अल्लाहची अमानत आहे. अमानत म्हणजे ठेव. ठेव सांभाळणाऱ्याला अमीन म्हणतात, मालक नव्हे. अमीनाने ठेवीची काळजी घ्यावी, कुणी मागायला आला तर खुणा विचाराव्यात, संशय आला तर दार लावावे. हे सगळे त्याचे हक्क आहेत. फक्त एक हक्क नाही. 'माझी वस्तू आहे, मी बुडवीन' असे तो म्हणू शकत नाही.

तवक्कुलचा मुद्दा अनेकजण काढतात. आमच्या त्या पत्रावरचे 'अल्लाह मालिक है' हे त्यातलेच. त्यांनी हजरत उमर यांची कथा आठवावी. हिजरी १८ च्या सुमारास ते शामकडे निघाले असता सरग या ठिकाणी प्लेग पसरल्याची खबर आली. त्यांनी माघारी फिरायचे ठरवले. अबू उबैदा यांनी विचारले, अल्लाहच्या तकदिरीपासून पळता का? हजरत उमर यांचे उत्तर असे होते की हो, तकदिरीपासून तकदिरीकडेच जातो आहोत. उंट हिरव्या उतारावर चारा की उजाड उतारावर, दोन्ही त्याच्याच हुकमाने, पण चारणारा हिरवा उतारच निवडतो. नंतर अब्दुर्रहमान बिन औफ आले आणि साथीच्या गावात जाऊ नये व तिथून पळूही नये, अशी पैगंबरांची शिकवण त्यांनी सांगितली. या शिकवणीच्या दुसऱ्या भागाकडे आमचे विशेष लक्ष जाते. स्वतःच्या जिवासाठी पळणाऱ्यालाही सांगितले आहे की तुझ्याबरोबर रोग दुसऱ्याच्या गावी जाईल, थांब. आणि हेही आठवावे की देवी आणि गोवर हे दोन निराळे रोग आहेत, हे ज्याने ग्रंथ लिहून नीट वेगळे करून दाखवले, तो अबू बक्र अल-राझी आमच्याच परंपरेतला हकीम. देवीची टोचणी इंग्लंडमध्ये नेणाऱ्या लेडी मेरी माँटेग्यूने ती १७१७ मध्ये तुर्कस्तानात पाहिली होती. लस ही परक्यांची चीज आहे, असे म्हणणाऱ्यांना आपलेच घर माहीत नाही.

मग सक्ती करावी का? युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये चेक प्रजासत्ताकाच्या खटल्यात सांगितले की मुलांच्या लसींची सक्ती व त्यासाठी दंड किंवा बालवाडीत प्रवेश नाकारणे, हे हक्कांचे उल्लंघन नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये कोविडच्या लसीबाबत उलट टोकाने सुरुवात केली. कोणाच्याही शरीरावर त्याच्या इच्छेविरुद्ध लस लादता येणार नाही, मात्र समाजाच्या आरोग्यासाठी सरकार वाजवी अटी घालू शकते. पण तो प्रश्न स्वतःच्या शरीराचा होता. बाप सही करतो ती दुसऱ्याच्या शरीरासाठी. इतके असूनही आम्ही सक्तीच्या बाजूचे नाही. इंग्लंडने १८५३ मध्ये देवीची लस बालकांना सक्तीची केली, १८६७ मध्ये दंड कडक केले. दंड भरायची ऐपत होती त्यांनी भरला, गरिबांची भांडीकुंडी जप्त झाली. १८८५ मध्ये लेस्टर शहरात हजारो लोक रस्त्यावर आले आणि १८९८ मध्ये सरकारला विवेकाच्या कारणाने सूट द्यावी लागली. आमच्या शहरात असा कायदा आला तर तो कोणाच्या दारात उभा राहील, हे आम्हाला सांगायला नको. चाचांचा आठवड्याचा पगार आम्हाला माहीत आहे.

सक्ती नको म्हणणाऱ्यावर मात्र समजावण्याची जबाबदारी दुप्पट येते. तीच आम्ही टाळली होती.

त्याची किंमत चार वर्षांनी समोर आली. कोविडच्या दोन वर्षांत नेहमीच्या लसी मागे पडल्या होत्या. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीला गोवराची साथ आली, मुले दगावली. भिवंडी आणि मालेगावातही रुग्ण निघाले. त्यात चाचांचा धाकटा मुलगा होता, चौदा महिन्यांचा. त्याला एकही लस दिलेली नव्हती. आम्ही दवाखान्यात गेलो तेव्हा त्याला ऑक्सिजन लावलेला होता, गोवर फुप्फुसात उतरला होता. चाची पायाशी बसून तस्बीह ओढत होत्या. चाचा बाहेर जिन्यात भेटले. आम्ही सलाम केला. काही वेळ दोघेही गप्प होतो. मग आम्हीच म्हणालो, ''चाचा, उस वक्त मैंने बगैर जाने बोल दिया था. गलती मेरी थी.'' ते म्हणाले, ''मेरी भी थी सर. एक बात झूठ निकली तो मैंने सब झूठ समझा.''

मूल वाचले. एका कानाने त्याला कमी ऐकू येते.

चाचांच्या त्या दुसऱ्या वाक्याने आमची सुटका होत नाही, हे आम्ही जाणतो. बाप म्हणून त्यांनी चौकशी करायला हवी होती, ती त्यांनी केली नाही. पण चार वर्षांपूर्वी त्यांनी चौकशी केली होती, एका शिक्षकाकडे, आणि तिथे त्यांना काय मिळाले होते?

गेल्या वर्षी शाळेत पुन्हा लसीकरणाचे पथक यायचे होते. आम्ही मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन आदल्या आठवड्यात पालकांना बोलावले. मोजकेच आले, त्यात आया जास्त. आम्ही फळ्यावर उर्दूत आधी दुष्परिणाम लिहिले, मग लस कोणाला देऊ नये ते लिहिले, मग ती कशासाठी आहे ते. एक सहकारी कुजबुजले, ''उलटा क्रम आहे सर.'' एका बाईंनी लसीत काय काय असते ते विचारले. जेवढे ठाऊक होते तेवढे सांगितले. मागच्या बाकावरून आणखी एकीने विचारले की बाटली उघडल्यावर किती वेळ चालते, कारण त्यांच्या दिराच्या मुलाला दुपारी उशिरा टोचले होते. गोवर-रुबेलाच्या लसीचे आम्हाला ठाऊक होते, विरघळवल्यावर चार तास, मग फेकून द्यायची. या वेळच्या लसीचे ठाऊक नव्हते.

''आपा, इसका मुझे मालूम नहीं,'' आम्ही म्हणालो, ''कल पूछ के आता हूँ.''

त्यांनी संमतीपत्राची घडी घालून पर्समध्ये ठेवली. ''तो फिर कल ही सही करूँगी,'' त्या म्हणाल्या.